गुडघ्यांतला कापूस

एकतीस वर्षं मी त्याच्या विजारी शिवल्या.
बाहेरून इस्त्री, बटलरची सरळ काळी रेघ,
आतून गुडघ्यापाशी दोन चोरखिसे
आणि त्यांत कापूस, मुठीएवढा.
पडणाऱ्याला एवढंच भांडवल पुरतं, म्हणायचा,
आणि समोर कुणीतरी हवं, ज्याचा दिवस वाईट गेलाय.

जन्माचं नाव अर्विन झेलनिक.
स्क्रॅन्टनचा, कोळशाच्या गावचा.
बाप टोप्या शिवायचा आणि तीन भाषांत कुरकुरायचा.
एका नाटकवाल्यानं पाटीवरचे दिवे वाचवायला
पोराचं नाव मधूनच छाटलं,
अर्नी झेल.
झेल म्हणे!
खाली झेलायला तर जन्मभर कुणी नव्हतं.

सुरुवात डोंगरातल्या हॉटेलांत.
दुपारी काकड्या चिरायच्या, रात्री विनोद सांगायचे.
पहिल्या रात्री एकच बाई हसली,
तीही शेजारणीच्या कानात काहीतरी सांगताना.
ही गोष्ट तो मला दर डिसेंबरात ऐकवायचा
आणि दर डिसेंबरात त्या बाईच्या झग्याचा रंग बदलायचा.

मग चव्वेचाळिसाव्या रस्त्यावरचं ते थिएटर.
अकराशे सहा प्रयोग.
तेरा पायऱ्यांचा जिना, हातात ट्रे, ट्रेमध्ये चौदा कप.
सातव्या पायरीवर त्याचा पाय अडखळायचा
पण तो लगेच पडायचा नाही.
आधी लोकांकडे बघायचा,
जणू घरमालकाकडे परवानगी मागतोय.
हसं होणार की हसू फुटणार
ते त्या अर्ध्या श्वासात ठरायचं.
मग कप.

सिनेमात त्याच्या पात्रांना नावं नसायची.
हॉटेलातला कारकून. दंतवैद्य. दुसरा न्यायाधीश.
कॅलिफोर्नियात जिना खोटा, पायऱ्या रबराच्या,
आणि हसायला कुणी नाही.
सतरा वेळा पाडला त्याला, ठेवलं चार सेकंदांपुरतं.
नवव्या वेळी मागे एक सुतार फिस्सकन हसला होता.
त्या सुताराला तो मरेपर्यंत
नाताळचं कार्ड पाठवत राहिला.

लग्नं दोन.
दुसरी मला एकदा म्हणाली,
घरी तो कधी पडत नाही गं,
नुसता बसून असतो.

एक्क्याऐंशीव्या वर्षी ओहायोत
जेवता जेवता नाटक बघायच्या एका हॉलमध्ये
त्याला आजोबांचं काम मिळालं.
खुर्चीत बसायचं, सूप गार झालं म्हणायचं, संपलं.
जिना नव्हताच.
तरी म्हणाला, इडा, कापूस भर.
आता कशाला?
त्याशिवाय माझे गुडघे कुठे आहेत
ते मला कळत नाही.

आणि त्या शनिवारी तो वाक्य विसरला.
चमचा अर्ध्यावर.
मी विंगेत, ओठांत टाचण्या धरून.
त्यानं सावकाश मान वळवली, लोकांकडे बघितलं,
आणि मला दिसलं,
खुर्चीत बसल्या बसल्या तो सातव्या पायरीवर उभा होता.
दोनशे काटे ताटांवर थांबले.
कोपऱ्यातल्या टेबलाशी एक मुलगी
नाकातून हसली,
मग तिचे वडील,
मग मागे वाढपी,
मग कुणालाच आवरेना.
वाक्य त्याला शेवटपर्यंत आठवलं नाही.
लागलंही नाही.

मार्चमध्ये त्याची भाची विजारी न्यायला आली.
कुठल्याशा संग्रहालयाला हव्यात म्हणे, काचेमागे.
देण्याआधी मी टाके उसवले.
लोकांनी आत काय बघायचं आणि काय नाही
हे मीच ठरवणार.
उजवा कापूस अजून कापूसच होता.
डावा दबून दबून पुठ्ठा झालेला,
एका जागी तर आरपार बोट जाईल इतका विरलेला.
म्हणजे इतकी वर्षं
तो डाव्यावरच पडत होता,
बोलला नाही,
आणि मी दोन्हीकडे
अगदी मोजून
सारखाच भरत होते.